मागच्या बाकावरून

माझं काम तसं साधं.
मागच्या बाकावर बसायचं, मांडीवर फॉर्म,
हातात स्टॉपवॉच,
आणि जे डॉक्टर घडवतात
ते कसे घडवतात, ते लिहायचं.
मी डॉक्टर नाही.
एके काळी दार्खानला तिसरीच्या मुलांना पाढे शिकवायचे.
हे मी इथे सहसा सांगत नाही.

उलानबातर, जानेवारी, उणे एकतीस.
खिडकीबाहेर कोळशाचा धूर इतका दाट
की समोरचं वसतिगृह दिसत नाही, नुसतं खोकतं.
प्राध्यापक सेरेटर कोट न काढताच आत आले.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"आलात? मोजा."

मोजलं.
तासाभरात प्रश्न बावीस.
उत्तरं: विद्यार्थ्यांची दोन, स्वतःची वीस.
प्रश्न विचारून थांबले, सरासरी,
दीड सेकंद.

दुसऱ्या दिवशी आमच्या छोट्या खोलीत
मिठाचा चहा, दोन खुर्च्या,
एक करकरणारी, ती मी घेतली.
त्यांनी कागद हातभर लांब धरला,
ठोका न लागणाऱ्या मनगटाकडे बघावं तसा.
"दीड?"
"दीड."
"अडतीस वर्षं शिकवतोय मी."
"हो."
मग बराच वेळ काहीच नाही.
चहावर साय धरली.
"आमचे गुरुजी थांबायचे," ते म्हणाले.
"प्रश्न विचारायचे, थांबायचे,
आणि मग हसायचे.
सगळा वर्ग हसायचा त्यांच्यामागून.
म्हणून मी उत्तर देऊन टाकतो.
सुटतात बिचारी पोरं."

फॉर्मवर याला रकाना नव्हता.

मला काय सुचावं तेव्हा?
कार्यशाळेत शिकलेलं सगळं विसरले.
म्हटलं, "काल तुम्हीच सांगितलंत ना,
दोन ठोक्यांच्या मधे हृदय गप्प असतं,
आणि भरतं ते तेव्हाच."
"ते हृदयाबद्दल होतं, बाई."
"हो."
चहा त्यांनी सायीसकट संपवला.

गुरुवारी पुन्हा तोच हॉल.
त्यांनी विचारलं,
"ही झडप अरुंद झालेला रोगी
डाव्या कुशीवर का वळवायचा?"
आणि थांबले.

एक. दोन.
मुलांनी माना वर केल्या,
उत्तर अजून का आलं नाही म्हणून.
तीन.
हीटरच्या पाइपात कोणीतरी कंठ साफ केल्यासारखा आवाज.
चार. त्यांचा हात खिशात गेला, बाहेर आला,
पुन्हा गेला.
पाच. ओठ हलत होते.
आधी वाटलं उत्तर येतंय,
पण नाही, तेही मोजत होते.
सहा, आणि घाम मला फुटला.
पाढ्याच्या मधेच अडकलेल्या पोराकडे बघताना
फुटायचा, तसा.

तिसऱ्या रांगेतून खुलान.
होव्दहून आलेली, सप्टेंबरपासून
हजेरीपलीकडे एक शब्द नाही.
"हृदय... जवळ येतं म्हणून?"

ते हसले नाहीत.
"कोणाच्या जवळ?"
आणि पुन्हा थांबले!
माझ्या अंगठ्याला कळेना, दाबू की नको.

"ऐकणाऱ्याच्या," ती म्हणाली.

पुस्तकात लिहिलंय, छातीच्या भिंतीच्या.
ते त्यांनी सांगितलंही,
पण फळ्याकडे वळून,
आणि खडू दोनदा मोडून.

घड्याळ बंद करायचं राहूनच गेलं.
कॅन्टीनमध्ये बूझच्या रांगेत उभी असताना
खिशात हाताला लागलं.
एक तास, चार मिनिटं,
आणि आकडे अजून पळत होते.

सोमवारी औषधशास्त्र विभाग.
तिथल्या मुंखझुल बाई
फारच हळू बोलतात म्हणे.
पुढच्या बाकावर बसावं लागेल.